गोदावरीचा गाळ धरणांत, कड समुद्रात! किनाऱ्याची झीज मोजतात तरी कशी? वाचा सविस्तर

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत सुमारे १,४६५ किलोमीटरवर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमपासून पुढे तिचे गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मोठे फाटे होतात. या फाट्यांनी हजारो वर्षांत जो गाळ आणून टाकला, त्यावरच तिथली भातशेती, नारळाच्या बागा आणि मच्छीमारांची गावं उभी आहेत. यालाच त्रिभुज प्रदेश म्हणतात. आता या जमिनीची कड समुद्र खातोय. काकीनाड्याच्या उत्तरेला असलेल्या उप्पाडा गावात तर घरं आणि रस्ताही लाटांनी नेला आहे.

झीज का होते?

लाटा किनाऱ्यावरची वाळू-माती रोज ओढून नेतात. नदी नवा गाळ आणते, तेव्हा ती तूट भरून निघते. शिवाय त्रिभुज प्रदेशातली माती मऊ असल्याने ती हळूहळू दबत जाते. त्यावरही दरवर्षी नवा थर बसणं गरजेचं असतं. नदीवर धरणं झाली की गाळ धरणातच बसतो. खर्च चालू, जमा बंद, असा हा हिशेब आहे.

कसं मोजतात?

१. जुने नकाशे आणि उपग्रह चित्रं गोळा करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि १९७२ नंतरची लँडसॅट उपग्रहाची चित्रं यासाठी वापरली जातात.

२. प्रत्येक वर्षाच्या चित्रावर किनाऱ्याची रेघ काढतात. त्यासाठी बहुतेक वेळा भरतीच्या पाण्याची खूण किंवा ओल्या-कोरड्या वाळूची सीमा धरतात.

३. जमिनीच्या बाजूला एक कायमची आधाररेषा आखतात. तिच्यापासून समुद्राकडे ठरावीक अंतरावर आडव्या रेघा मारतात.

४. प्रत्येक आडव्या रेघेवर किनारा किती सरकला ते मोजतात आणि त्याला वर्षांनी भागतात. उदाहरणार्थ, ३० वर्षांत किनारा ६० मीटर आत आला, तर झीज वर्षाला २ मीटर.

फसगत कुठं होते?

सगळ्यात मोठी अडचण भरती-ओहोटीची. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल आणि पाणी १ मीटर चढलं, तर पाण्याची कड ५० मीटर आत दिसते. प्रत्यक्षात जमीन इंचभरही गेलेली नसते. म्हणून चित्र घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी, हे तपासावंच लागतं.

दुसरी अडचण ऋतूची. पावसाळी लाटा वाळू नेतात, शांत हंगामात त्यातली बरीच परत येते. त्यामुळं शक्यतो एकाच महिन्यातली चित्रं ताडून बघतात. तिसरी अडचण चित्राच्या बारकाव्याची. सुरुवातीच्या लँडसॅट चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटरचा होता, पुढे तो ३० मीटरचा झाला. आताच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा आहे. जुन्या चित्रात २० मीटरचा फरक खात्रीनं सांगता येत नाही. एका वादळानंतरचे दोन फोटो म्हणूनच पुरत नाहीत, त्यासाठी अनेक दशकांची नोंद लागते.

आकडे काय सांगतात?

आंध्रातील संशोधकांचा कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १९६५ ते २००८ या ४३ वर्षांत ३३६ किलोमीटरच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जमीन वाढली, काही ठिकाणी गेली. वजाबाकी करून निव्वळ ७६ चौरस किलोमीटर जमीन गेल्याचं त्यात आढळलं. गोदावरीच्या पाण्यात फारसा फरक पडला नव्हता, पण वाहून येणारा गाळ १९७०-७९ मधल्या वर्षाला सुमारे १५ कोटी टनांवरून २०००-०६ मध्ये ५.७ कोटी टनांवर आला होता.

देशाचं चित्रही काळजीचंच आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ ची चित्रं तपासली. मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी जवळपास एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचं त्यात दिसलं.

आपला काय संबंध?

पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये सुरू झालं. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर महाराष्ट्रापासून तेलंगणापर्यंत अशी अनेक धरणं आहेत. त्यात बसणारा गाळ दोन्हीकडे नुकसान करतो: इथं पाणीसाठा घटतो, तिथं किनारा उपाशी राहतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून काढलेला गाळ शेताला मिळतो आणि धरणात जागा होते, पण समुद्रकाठची तूट त्यातून भरत नाही. नदीतली वाळू उपसल्यानेही ही तूट वाढते.

मोबाईलवर बघा

गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं वर्षागणिक सरकताना दिसतात. तिथं काकीनाडा किंवा उप्पाडा शोधा. फक्त पाण्याची कड पाहून लगेच निष्कर्ष काढू नका; झाडी, बांध, रस्ता अशी पक्की खूण धरून फरक बघा.