मांडीच्या हाडातली यारी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला म्हणून आई कोणाला न सांगता स्टुलावर चढली आणि पडली. "काही नाही रे, जरा लचकले असेल," असे ती म्हणत राहिली. पण पाय उचलेना. तालुक्याच्या गावी नेले, क्ष-किरणांनी चित्र काढले. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते.

डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडासमोर धरली आणि मला जवळ बोलावले. "मास्तर, मोड तर कोणालाही दिसेल. तुम्ही ह्या बारीक रेघा पाहा. देवळाच्या कमानीसारख्या वर चढतात ना? आजींच्या त्या पुसट झाल्यात. हाड पडण्याआधीच विरळ झाले होते."

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मला झोप आली नाही. माझ्या कादंबऱ्यांतून मी कितीतरी माणसे पाडली, मोडली आणि पुन्हा उभी केली. पण हाडाच्या आत कमानी असतात हे मला ठाऊक नव्हते. मॅट्रिकपर्यंतच्या पुस्तकांत सांगाड्याचे चित्र होते, हाडांची नावे होती, कमानी नव्हत्या. ह्या कमानी प्रथम कोणी ओळखल्या, ते शोधीत गेलो तेव्हा जी हकीकत हाती लागली, ती आज सांगतो.

ही हकीकत स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातली. तेथे हेर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १८१५ चा, फ्रँकफुर्टचा. गृहस्थ मोठा चौकस. माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, ह्याचा त्यांना ध्यास. १८५८ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले, ते चक्क जोड्यांच्या आकारावर! चांभार जोडा शिवतात तो पायाचा आकार न पाहता, आणि म्हणून बोटे वाकडी होतात, असे त्यांचे म्हणणे. विद्यापीठाच्या प्राध्यापकाने पायताणाचा विचार करावा ह्याचे कोणाला हसूही आले असेल. पण नवा जोडा ज्याला चावला आहे, तो हसणार नाही.

ह्या मायरसाहेबांनी मांडीचे हाड उभे चिरून पाहिले. हाडाचा दांडा पोकळ नळीसारखा. पण वरचे टोक, जे खुब्यात बसते, ते आतून जाळीदार. वरवर पाहिले तर स्पंजासारखे. मायरना मात्र त्या जाळीत शिस्त दिसली. बारीक पट्ट्या ठरावीक वळणाने वर जात होत्या आणि एकमेकींना छेदीत होत्या. १८६६ साली झुरिकच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्यांनी आपले हे नमुने मांडले.

तेथे कार्ल कुलमान होते. हे शरीरशास्त्राचे नव्हेत, पूल बांधणाऱ्यांचे गुरू. जन्म १८२१ चा. तरुणपणी बव्हेरियाच्या रेल्वेवर काम केलेले, इंग्लंड-अमेरिकेचे पूल हिंडून पाहिलेले. १८५५ साली झुरिकचे पॉलिटेक्निक सुरू झाले तेव्हापासून ते तेथे शिकवीत होते. लांबलचक आकडेमोड करण्याऐवजी कागदावर रेघा आखून भाराचे गणित सोडवायचे, ही त्यांची पद्धत. १८६६ सालीच त्यावरचा त्यांचा ग्रंथ बाहेर आला. पुढे आयफेल टॉवरचा मूळ आराखडा करणारा मोरिस केश्लँ हाही त्यांचाच विद्यार्थी.

मायरचे चिरलेले हाड पाहून कुलमान थबकले. असल्या रेघा त्यांच्या ओळखीच्या होत्या! बंदरात ओझी उचलणारी यारी असते ना, तिच्या वाकड्या मानेत भाराचा ताण कोणत्या वाटेने जातो, ते दाखविणाऱ्या ह्या रेघा.

एखादी ओली फांदी वाकवून पाहा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. यारीच्या चोचीला ओझे टांगले की तिच्या मानेतही तेच होते. ताणाच्या वाटा एका बाजूने वर चढतात, दाबाच्या दुसऱ्या बाजूने, आणि जेथे त्या भेटतात तेथे काटकोनात छेदतात. मांडीचे हाडही असेच. शरीराचे ओझे सरळ दांड्यावर पडत नाही. बाजूला झुकलेल्या मानेवरून खाली उतरते. कुलमाननी मांडीच्या हाडासारखी वाकडी यारी कल्पून तिच्यातल्या रेघा आपल्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांकडून आखून घेतल्या. हाडाचे चित्र आणि यारीचे चित्र शेजारी ठेवले. बहीणभाऊ शोभावेत असे साम्य! १८६७ साली मायरनी हे छापून प्रसिद्ध केले.

पुढे ह्या रेघांना नाव मिळाले ते तिसऱ्याचेच. बर्लिनचे शल्यवैद्य यूलियुस वोल्फ ह्यांनी १८७० मध्ये हा धागा उचलला आणि बावीस वर्षे सोडला नाही. हाड वाकडे सांधले गेले तर आतली जाळीही नव्या भाराप्रमाणे नवी विणली जाते, हे त्यांनी दाखविले. १८९२ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी मायर वारले. कुलमान तर १८८१ मध्येच गेले होते. हाडाला जसे काम, तशी त्याची घडण, ह्या नियमाला जग 'वोल्फचा नियम' म्हणते.

ह्यात अन्याय झाला का? थोडा झाला. जिवंत शरीराचा प्रत्येक भाग कामाच्या चेतनेने वाढतो आणि काम संपले की झडतो, ही कल्पना विल्हेल्म रू ह्यांनी १८८१ मध्येच मांडली होती. शिवाय वोल्फ समजत तितके साम्य गणिती काटेकोर नाही. यारीचे चित्र भरीव वस्तूचे, हाड जाळीचे. आणि खुब्याभोवतीचे स्नायू हाडाला ओढतात, ती ओढ त्या चित्रात नव्हतीच. पुढच्या संशोधकांनी हे दाखवून दिले. पण मूळ गोष्ट टिकली: हाड जिवंत आहे. त्यात जुने हाड पोखरणाऱ्या पेशी आहेत, नवे बांधणाऱ्या आहेत, आणि भार कोठे पडतो ह्याची जाणीव ठेवणाऱ्याही आहेत. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड जाड होते. अंतराळात भार नाही, म्हणून तेथे राहणाऱ्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला शेकडा एक-दीड ह्या प्रमाणात झिजते.

आणखी एक योगायोग पाहा. मायर आणि कुलमान ह्यांची ही भेट झाली तेव्हा त्याच पॉलिटेक्निकात एक तरुण यंत्रविद्या शिकत होता. विल्हेल्म राँटगेन त्याचे नाव. १८९५ साली त्याने क्ष-किरण शोधले, आणि ज्या रेघांसाठी मायरना मेलेल्याचे हाड चिरावे लागे, त्या जिवंत माणसाच्या अंगात पाहता येऊ लागल्या. १९७० मध्ये आपल्याच देशातील सिंग, नागरथ आणि मैनी ह्या डॉक्टरांनी त्या रेघांच्या सहा पायऱ्या लावल्या. कोणती रेघ आधी पुसते, कोणती शेवटी, त्यावरून हाड किती विरळ झाले ते ठरवायचे. आमच्या डॉक्टरांनी आईची फिल्म धरली होती ती त्याच नजरेने.

ही सगळी नावे मी वहीत उतरवून घेतली, तरी मन भरेना. कुलमानसाठी रेघा आखणारी ती मुले कोण? मायरनी चिरले ते हाड कोणाचे? कोणी तरी त्या हाडावर उभे राहून आयुष्यभर ओझी वाहिली असतील, डोंगर चढले असतील, मुले कडेवर घेतली असतील. त्या चालण्याचाच नकाशा आत उमटला होता, आणि तोच मायरनी वाचला. त्या माणसाचे नाव माझ्या वहीत नाही. पण माझी आई आज चालते, त्यात त्याचाही वाटा आहे.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आईला उभी केली. मी कळवळून म्हटले, "डॉक्टर, चार दिवस पडू द्या ना तिला." ते म्हणाले, "मास्तर, पडून राहिले की हाड समजते, आता आपले काम संपले."

आईने ते ऐकले. वॉकरला धरून तिने पहिले पाऊल टाकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "अरे, माझे काम कुठले संपायला! फराळाचे डबे अजून माळ्यावरच आहेत."

ते डबे त्या वर्षी मी काढले. यंदाही मीच काढले. आई मात्र खाली उभी राहून, कोणता आधी काढायचा ते सांगत होती.