कसलेला गोलंदाज आणि संघाचा भार

बाहेरचा कसलेला गोलंदाज संघात घ्यावा काय, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या संघचालकांपुढे आला, तर त्यांनी धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरील इंदूरकडे दृष्टी टाकावी. संस्थानी अमदानीत नामांकित खेळाडू पदरी ठेवण्यात होळकरांनी हात आखडता घेतला नाही. १९४२-४३ साली रणजी करंडक जिंकणाऱ्या बडोदा संघातील फिरकी गोलंदाज सी. एस. नायडू पुढे होळकर संघात आले. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी एकट्याने ९१७ चेंडू टाकून, ४२८ धावांच्या मोबदल्यात ११ गडी बाद केले. पाहुण्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढल्या. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. याचा दोष नायडूंकडे जात नाही. मुंबईच्या दोन डावांतील १,२२६ धावांचा ओघ एका हाताने थोपविणे कोणासही शक्य नव्हते. पुढल्याच वर्षी होळकरांनी करंडक जिंकला, आणि अंतिम सामन्यात पन्नाशीच्या सी. के. नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा वयाचा बाऊ नको. अनुभवी माणूस अवश्य आणावा. परंतु त्याच्याबरोबर भार उचलणारे घरचे दोन तरुण गोलंदाज तयार नसतील, तर आपण संघ बळकट करीत नसून एका माणसास केवळ राबवीत असतो.