सहा विद्यार्थ्यांचे कॉलेज

विद्येच्या इतिहासातही थोरामोठ्यांचाच मान असतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड ही नावे त्यात ओळीने येतात; आणि ती यावीत हे योग्यच आहे. परंतु सामान्य माणसाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण कसे आले हे पाहावयाचे झाले, तर मला ह्या नामावळीबाहेरच्या एका गावी जावे लागते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले जोलिएट हे ते गाव. तेथे १९०१ साली एका हायस्कुलाच्या इमारतीत सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. अमेरिकेतील आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत तोच सर्वांत जुना मानला जातो.

जोलिएट शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० मैलांवर, डे प्लेन नदीच्या काठी वसले आहे. १८४८ मध्ये इलिनॉय-मिशिगन कालवा खुला झाला आणि गावाला व्यापाराची वाट मिळाली. भोवतालच्या खाणींतून चुनखडीचा दगड निघे. त्याच दगडाने १८५८ साली तेथला प्रसिद्ध तुरुंग उभा राहिला. पुढे लोखंड-पोलादाचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग युरोपातून पोटासाठी निघालेले मजूर आले. असे हे दगड, पोलाद आणि घाम यांचे गाव. विद्येचे माहेरघर वगैरे म्हणावे असे त्यात काही नव्हते.

ह्या गावच्या हायस्कुलाचे सुपरिंटेंडेंट जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर, ह्या दोघांच्या विचारातून हा वर्ग निघाला. हार्पर हे मोठे विलक्षण गृहस्थ. चौदाव्या वर्षी ते पदवीधर झाले आणि विशी उलटण्यापूर्वीच येल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. आपल्याला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या प्रबंधाचा विषय! लॅटिन, ग्रीक, गॉथिक आणि आपली संस्कृत, ह्या भाषांतील शब्दयोगी अव्ययांचा तो तौलनिक अभ्यास होता.

हार्पर यांच्या मनात गोरगरिबांची कणव होती आणि म्हणून त्यांनी ही योजना काढली, असे सांगता आले असते तर कथा अधिक गोड झाली असती. परंतु इतिहासाला ते मानवणारे नाही. विद्यापीठाचे खरे काम संशोधन, आणि पदवीची पहिली दोन वर्षे ही शाळेचीच लांबलेली शेपटी, अशी त्यांची धारणा होती. म्हणून १८९६ पासून त्यांनी आपल्या विद्यापीठातच पहिल्या दोन वर्षांना ‘ज्युनिअर कॉलेज’ आणि पुढच्या दोन वर्षांना ‘सीनिअर कॉलेज’ अशी नावे दिली. महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास अकरावी-बारावीला जे नाव चिकटले, त्याचे मूळ असे दूरचे आहे. मात्र तिकडे त्याचा अर्थ शाळा संपल्यानंतरची दोन वर्षे असा होता. ही दोन वर्षे गावोगावच्या शाळांनी सांभाळावीत आणि विद्यापीठाने निवडक विद्यार्थी तेवढे वर घ्यावेत, असा हा हिशेब होता.

विद्यापीठाला भार हलका करावयाचा होता, गावाला आपली मुले शिकवावयाची होती. शिकागोला राहून शिकण्याचा खर्च मजुराच्या घराला झेपणारा नव्हता. शिक्षणासाठी पुण्यास जाऊन वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. १९०२ च्या डिसेंबरात शाळेच्या विश्वस्तांनी ह्या वर्गांना रीतसर मान्यता दिली आणि ते विनामूल्य केले. १९१६ मध्ये ‘जोलिएट ज्युनिअर कॉलेज’ हे नाव कायम झाले. एकाच्या मनात चाळणी होती, दुसऱ्याने तिची शिडी केली.

ह्या शिडीची खरी ताकद तिच्या पायऱ्यांत नव्हती, तर वरच्या टोकाला ती जेथे टेकली होती तेथे होती. जोलिएटमध्ये जे शिकविले जाईल ते वर विद्यापीठात धरले जाईल, हा शब्द त्या योजनेच्या मुळाशी होता. तो नसता तर ती सहा मुले हायस्कुलात आणखी दोन वर्षे रेंगाळली, एवढेच म्हणावे लागले असते.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने ह्या कल्पनेला बळ दिले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि सुमारे २२ लक्ष सैनिक कॉलेजांत दाखल झाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने शाळेनंतरची दोन वर्षे सर्वांना मोफत मिळावीत अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ झाला तो ह्या अहवालामुळे. इलिनॉयने १९६५ मध्ये त्यासाठी कायदा केला. त्यानुसार १९६७ साली जोलिएटचे कॉलेज हायस्कुलापासून वेगळे झाले. आज त्याच्या क्षेत्रात सात काउंट्यांचा कमीअधिक भाग येतो. लोक स्थानिक कर भरतात आणि त्याचे विश्वस्त मतदानाने निवडतात. परिचारिका, स्वयंपाकी, वेल्डर, शेतीचे विद्यार्थी आणि विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेली मुले एकाच कॉलेजात शिकतात. गावातले पोलादाचे दिवस संपले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी बेकारीने तेथे कहर केला. आता मालाची कोठारे आणि आगगाड्यांचे तळ यांवर त्या भागाचे पोट चालते. धंदा बदलला की प्रौढ माणसाने पुन्हा कोठे शिकावे, ह्या प्रश्नाला गावात एक पत्ता आहे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६० साली बर्टन क्लार्क ह्या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील अशाच एका कॉलेजाचा अभ्यास करून कटू निष्कर्ष काढला. ही कॉलेजे विद्यार्थ्यांची उमेद हळूहळू थंड करतात. दार उघडे ठेवतात, आणि आत आलेल्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगून कमी उंचीच्या वाटेला लावतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याला खोटे पाडावे असे आकडे पुढेही फारसे मिळाले नाहीत. ह्या कॉलेजांत येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती हाती पडते सुमारे सहांतील एकाच्या.

मग हार्परची चाळणीच अखेर जिंकली काय? मला तसे वाटत नाही. ज्याला दोन वर्षांचे शिक्षण घेऊन रुग्णालयात वा कारखान्यात जावयाचे आहे, त्याला अपयशी म्हणणे हा पदवीधरांचा अहंकार झाला. परंतु ज्याला वर जावयाचे आहे तो अडखळतो कोठे, हे पाहिले पाहिजे. अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासणी खात्याने २०१७ साली असा अंदाज दिला, की एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात. म्हणजे शिकलेले पुन्हा शिकावयाचे आणि भरलेले पैसे पुन्हा भरावयाचे! श्रीमंताला हा उपद्रव वाटेल. मजुराच्या मुलाचे शिक्षण तेथेच संपते. पायऱ्या शाबूत आहेत. सुटले आहे ते वरचे टोक.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३ च्या सुमारास ‘कम्युनिटी कॉलेज’ ह्याच नावाची योजना हाती घेतली. नाव आणणे सोपे असते आणि इमारती बांधणे त्याहून फारसे अवघड नसते. जोलिएटला १९०१ साली ह्यांपैकी काहीच नव्हते. होती ती एक उसनी इमारत, सहा विद्यार्थी आणि वर दिलेला एक शब्द. तालुक्याच्या गावी शिकलेल्या मुलाला शहरातले विद्यापीठ ‘तुझे शिकणे आम्ही धरतो’ असे सांगावयास तयार आहे की नाही, एवढाच प्रश्न मी अशा प्रत्येक योजनेला विचारीन. उत्तर होकारार्थी असेल तर सहा विद्यार्थीही आरंभाला पुष्कळ झाले.