पदपथावरील गृहयोजना

घराचा आराखडा स्थापत्यविशारदानेच काढावा, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या भायखळ्यातील पदपथवासी स्त्रियांनी तो खोटा ठरविला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर वस्ती करण्याचा हक्क नाकारला आणि डोक्यावरचे फाटके छप्परही जाण्याची वेळ आली. १९८६ साली या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभारली. मोलमजुरीतले चार पैसे बाजूला टाकीत, साड्यांनी मापे घेत त्यांनी आपले घर स्वतःच योजिले : छत १४ फूट उंच, म्हणजे पोटमाळा निघून थोड्या जागेत संसार मावावा. त्याचे पूर्णाकृती नमुनेही त्यांनी लोकांसमोर मांडले. पुढे मानखुर्दला त्यांचे ‘मिलन नगर’ वसले. ज्यांना घर लाभले नव्हते, त्यांनाच ते कसे असावे हे नेमके ठाऊक होते.