पथ्य : शब्दार्थ आणि स्वमग्न मुलाचा आहार

मराठीत ‘पथ्य’ या शब्दाचा आज रूढ झालेला अर्थ वर्जन हा होय. वैद्याने पथ्य सांगितले, असे म्हणताच काय खाऊ नये याची यादी मनापुढे येते. संस्कृत शब्द मात्र ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यापासून सिद्ध झालेला असून त्याचा अर्थ ‘हितकर’ असा आहे. चरकसंहितेत शरीराच्या मार्गांना जे अपायकारक नाही आणि मनाला जे प्रिय आहे ते पथ्य, अशी दुहेरी कसोटी दिली आहे. ‘पथ्यावर पडणे’ या वाक्प्रचारात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. स्वमग्न मुलांच्या आहाराचा विचार करताना हा अर्थसंकोच ध्यानात घ्यावयास हवा.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून रूढ केली. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या वर्णनासाठी ती योजली. तथापि अमेरिकन वर्गीकरणात या दोन अवस्था वेगळ्या झाल्या त्या १९८० मध्ये. दरम्यान १९६६ मध्ये कर्टिस डोहन यांनी गहू व स्किझोफ्रेनिया यांचा संबंध सुचविला होता. १९७९ मध्ये पँकसेप यांनी स्वमग्नतेच्या मुळाशी मेंदूतील अफूसदृश द्रव्ये असावीत असे अनुमान मांडले. गहू आणि दूध यांतून तशी द्रव्ये निर्माण होतात, या पुढील तर्कातून दोन्ही वर्ज्य करणारा आहार प्रचारात आला.

या तर्कास पुराव्याचे बळ फारसे लाभलेले नाही. कॉक्रेनच्या २००८ च्या समीक्षेस केवळ दोन लहान प्रयोग आढळले. त्यांतील सहभागी मिळून ३५ होते. ब-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांच्या पूरक मात्रांची शिफारस करण्याजोगा आधारही २००५ च्या समीक्षेस मिळाला नाही. ब-६ च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते, हे तर सिद्धच आहे.

आता हे वर्जन १९९९ मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या घरास लावून पाहावे. ज्वारीच्या भाकरीत ग्लुटेन मुळातच नसते. तेव्हा ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकले जाणारे महागडे पीठ विकत घेण्याचे कारण उरत नाही. दूधदह्याची गोष्ट वेगळी. अनेक स्वमग्न मुले विशिष्ट चवीचे, रंगाचे वा स्पर्शाचे मोजकेच पदार्थ खातात. अशा मुलाच्या ताटातील दहीभात काढून घेतला, तर कॅल्शियम व प्रथिने यांबरोबर त्याने आपणहून स्वीकारलेले अन्नही जाते. सीलिअॅक रोग, ॲलर्जी किंवा तपासणीत आढळलेली एखादी उणीव असल्यास वर्जन अथवा पूरक मात्रा अवश्य द्यावी. परंतु ते उपचार त्या विकाराचे होत, स्वमग्नतेचे नव्हेत.

चरकाच्या व्याख्येतील ‘मनाला प्रिय’ हे पद येथे विशेष महत्त्वाचे ठरते. ज्या मुलाची आवड आधीच चारसहा पदार्थांपुरती आहे, त्याच्याकरिता त्या पदार्थांशेजारी एखादा नवा पदार्थ धीराने रुजविणे, हेच मूळ अर्थाने पथ्य म्हणावयास हवे.