ठासणीच्या बंदुका : संग्रह, जतन व वापर

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाच्या बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. बार पेटविण्याच्या पद्धतीवरून तिचे तोड्याची, चकमकीची व टोपीची असे तीन मुख्य प्रकार होतात. लष्करी वापरातून ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली; परंतु तिचे आयुष्य तेथे संपले नाही. अमेरिका व यूरोपमध्ये ती संग्राहकांच्या आणि हौशी नेमबाजांच्या हाती गेली. महाराष्ट्रात, विशेषतः सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत, ती शेतराखणीचे साधन म्हणून टिकली. पहिल्या वाटेने गेलेल्या बंदुकांची बारकाईने नोंद झाली. दुसऱ्या वाटेने गेलेल्या बंदुका बहुतांशी अभ्यासाबाहेर राहिल्या.

तोड्याच्या बंदुकीत सावकाश जळणारी सुती दोरी वापरतात. तिला तोडा किंवा जामगी म्हणतात. चाप ओढला की चिमटीत धरलेले जामगीचे जळते टोक नळीच्या बाजूस असलेल्या रंजकावर टेकते आणि कानातून विस्तव आतील दारूपर्यंत पोहोचतो. घडण सोपी, दुरुस्ती गावच्या लोहारालाही जमण्याजोगी. मात्र पावसात जामगी विझते, आणि कोकणात वर्षाचे चार महिने पावसाचे असतात. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटून ठिणगी पडते. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या उपयोगाचे एकस्व मिळविले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली व १८४० च्या सुमारास ती ब्रिटिश सैन्यात रूढ झाली. चकमकीच्या असंख्य बंदुकांची कळ त्या वेळी बदलून त्या टोपीच्या करण्यात आल्या. जुनी बंदूक तपासताना हा बदल प्रथम पाहावा लागतो. कळीवरील वर्ष एक, नळी दुसऱ्याच काळातील आणि दस्ता तिसऱ्या हाताने बसविलेला, असे वारंवार आढळते.

मराठ्यांच्या सैन्यात तोड्याची बंदूक दीर्घकाळ प्रचारात होती. पानिपतच्या युद्धात (१७६१) इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पायदळाने बंदुकांचा शिस्तबद्ध मारा केला. पुढे महादजी शिंदे यांच्या सेवेतील द बॉइन्य याने कवायती पलटणी उभारल्या आणि त्यांच्यासाठी आग्रा येथे चकमकीच्या बंदुका तयार होऊ लागल्या. या बंदुका आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुका दिसण्यात एकमेकींच्या जवळच्या असल्याने त्या ओळखण्यासाठी कळीवरील छाप उपयोगी पडतात. कंपनीच्या बंदुकांवर प्रथम बदामाच्या आकाराची व्यापारी मुद्रा आणि १८०८ च्या सुमारापासून मुकुट धरलेला उभा सिंह आढळतो. घासून लखलखीत केलेल्या बंदुकीवरील असा छाप एकदा पुसला गेला, की ती बंदूक कोठून आली हे सांगण्याचे मुख्य साधनच जाते.

ठासणीच्या बंदुकांपैकी १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. तिचा व्यास ०·५७७ इंच असून नळीत तीन सर्पिल खाचा होत्या. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये जो क्षोभ उसळला, तो सर्वश्रुत आहे. हीच रायफल चार वर्षांनंतर अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दोन्ही पक्षांनी मोठ्या संख्येने विकत घेतली. त्यामुळे एकाच घडणीची बंदूक अमेरिकन संग्राहकाला यादवी युद्धाचा अवशेष वाटते, तर भारतीय वाचकाला ती १८५७ ची आठवण करून देते. उठावानंतर भारतीय शिपायांच्या हातून सर्पिल खाचांची रायफल काढून घेऊन त्यांना गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या, ही गोष्टही संग्रह करणाऱ्याने लक्षात ठेवावयास हवी. बाहेरून एन्फील्डसारखी दिसणारी बंदूक आतून गुळगुळीत निघते, ती बनावट असेलच असे नाही.

एन्फील्डच्या पुढील दोन अवस्थांमागे अमेरिकन कल्पकता होती. फिलाडेल्फियाचा जेकब स्नायडर याने सुचविलेल्या रचनेनुसार १८६६ पासून एन्फील्डची नळी मागून उघडती करण्यात आली. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची मागची कळही हेन्री पीबॉडी या अमेरिकनाच्या १८६२ च्या एकस्वावर आधारलेली होती. खुद्द अमेरिकेतही याच सुमारास स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेने यादवी युद्धातील ०·५८ इंच व्यासाच्या ठासणीच्या रायफली मागून भरण्याजोग्या करून घेतल्या. पुणे जिल्ह्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, याच स्थित्यंतराच्या काळात उभा राहिला.

ठासणीची बंदूक भारतात इतकी टिकली, याचे कारण मात्र कारखान्यात नसून कायद्यात आहे. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे झाले आणि १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा देशभर गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशी बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच त्या कामासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला सर्वांत सावकाश भरली जाणारी बंदूक यावी, असा या तरतुदीचा रोख आहे. राज्यकर्त्यांच्या सावधगिरीमुळे अठराव्या शतकातील भरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या शेतापर्यंत पोहोचली.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे तालुके या दृष्टीने लक्षणीय आहेत. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. जुन्नर व कल्याण यांना जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग या घाटातून जात असे. सखल भागात भात आणि उतारावर नागली व वरी ही येथील पिके. वरचे रान थेट कड्याला भिडलेले. दाणे भरू लागले की रानडुकरे व माकडे शेतात उतरतात. माळ्यावर बसून रात्र जागविणे, आरोळ्या देणे, डबे वाजविणे व गोफण फिरविणे हे राखणीचे जुने उपाय. त्यांच्या जोडीला परवान्याची ठासणीची बंदूक. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानंतर पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारण्यासही अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली. तेव्हापासून बंदुकीचा मुख्य उपयोग आवाजापुरता उरला. गोळी न घालता काढलेला बारही डोंगराच्या कुशीत घुमतो.

या डोंगराळ मुलखाचा बंदुकीशी दुसराही संबंध आहे. महादेव कोळ्यांच्या उठावाचे नेते राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. येथील बंदुकांवर सरकारची नजर नेहमीच कडक राहिली, यामागे हा इतिहासही आहे.

महाराष्ट्रातील जुनी शस्त्रे पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा इ. ठिकाणी पाहावयास मिळतात. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनास दिला. तथापि संग्रहालयांचा ओढा स्वाभाविकपणे नक्षीदार व दरबारी वस्तूंकडे असतो. तारेने बांधलेल्या दस्त्याची, वारंवार डाग दिलेली शेतकऱ्याची बंदूक त्यांत क्वचितच जाते. खाजगी संग्राहकापुढे अडचण कायद्याची असते. १९५९ च्या अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र दुरुस्तीनेही चालण्याजोगे नसेल तरच त्याला सूट मिळते. ही सूट मिळविण्यासाठी नळीला भोक पाडणे किंवा ती वितळजोडाने बंद करणे असे उपाय योजले जातात. त्यांनी बंदूक निर्धोक होते हे खरे. पण तिच्यातील पुराव्याचा अर्धा भाग त्याच दिवशी नष्ट होतो. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका पुरातन मानून वेगळ्या काढल्या. त्यामुळे तेथे बंदूक न मोडता ती जपता येते. बंदुकांचे प्रमाण व त्यांतून होणारी हानी पाहता तो नमुना जसाच्या तसा येथे आणावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु वय व वापर यांनुसार भेद करण्याचे तत्त्व विचारार्ह आहे. परदेशी संग्राहकांची मागणी उपखंडापर्यंत पोहोचली आहे. २००३ मध्ये नेपाळच्या राजकीय शस्त्रागारातील जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी खरेदी केला. भारतातून मात्र शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही (१९७२ चा अधिनियम).

जुनी बंदूक हाती आल्यावर पहिले काम साफसफाईचे नसून ती भरलेली आहे की काय हे पाहण्याचे असते. लाकडी काठी नळीत घालून आतली खोली मोजतात व ती बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहतात. काठी कानाच्या अलीकडेच अडली, तर आत जुना बार असण्याचा संभव असतो. दारू कोरडी राहिली असल्यास शतकानंतरही ती पेटू शकते. गंजाचेही दोन प्रकार करावे लागतात. घट्ट बसलेला काळसर थर लोखंडाचे रक्षण करतो, म्हणून तो खरवडू नये. भगवा, भुकटीसारखा गंज वाढता असतो व तो तेल लावून हलक्या हाताने काढतात. कोकणातील दमट हवेत लोखंडाला जितकी कोरडी हवा मानवते तितक्या कोरड्या हवेत लाकडी दस्ता तडकतो. तेव्हा मधला मार्ग काढून नळीवर मेणाचा पातळ लेप देणे हा व्यवहार्य उपाय ठरतो. तुटलेला भाग नवा बसविल्यास तो नवा असल्याची खूण त्यावर ठेवावी, हा नियम पुष्कळ संग्राहक पाळत नाहीत.

प्रत्यक्ष नेमबाजीची परंपरा मुख्यतः अमेरिका व यूरोपमध्ये वाढली. अमेरिकेत १९५० मध्ये स्थापन झालेली ‘नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन’ ही संस्था यादवी युद्धकालीन बंदुकांच्या सांघिक स्पर्धा भरविते. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तोड्याच्या बंदुकीसाठीही स्वतंत्र प्रकार आहेत. अशा बंदुकांत काळी दारूच वापरावी लागते; धूरहीन दारूच्या दाबाने नळी फुटते. दाबाचा प्रश्न केवळ अतिजुन्या बंदुकांचा नाही. १९०३ च्या नमुन्याच्या सुरुवातीच्या अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलींचे पोलाद सदोष उष्णतासंस्कारामुळे ठिसूळ झाले होते. त्या शाळेच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफली संग्रही ठेवाव्यात, पण झाडू नयेत, असे जाणकार मानतात. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते. म्हणून झाडल्यानंतर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलवावी लागते. शेतराखणीची बंदूक वर्षानुवर्षे याच काळजीवर चालत आली आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्या मर्यादेत धरल्या गेल्या. परवान्याची मुदत संपली अथवा परवानाधारक वारला, की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना काढून ती सोडविली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते, आणि सरकारजमा शस्त्रे सामान्यतः नष्ट केली जातात. शेती सोडून कल्याण-मुंबईकडे नोकरीस गेलेल्या पिढीला असा परवाना पुढे चालविण्याचे प्रयोजन फारसे उरत नाही. अशा बंदुकीचे छायाचित्र, नळीचा व्यास व लांबी, कळीवरील छाप आणि तिला दिलेल्या डागण्यांचे वर्णन जमा होण्याच्या वेळीच घेता येण्यासारखे आहे. त्यासाठी ना परवाना लागतो, ना बंदूक मोडावी लागते.