वहीतले एकाहत्तर दिवस

जरा लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा.

परवा माळा आवरताना रद्दीचा गठ्ठा खाली काढला. रद्दीवाला दारात उभा होता. त्या गठ्ठ्यात बायकोची एक दोनशेपानी वही निघाली, घरखर्चाची. मी सहज चाळली आणि ती बाजूला ठेवली. बायको म्हणाली, "अहो, द्या की टाकून. किराणाच तर आहे त्यात." वहीचं पहिलं पान 22 मार्च 2020 चं आहे. शेवटचं 31 मे चं. म्हणजे जनता कर्फ्यूच्या रविवारपासून चौथा लॉकडाऊन संपला त्या रविवारपर्यंत. एकाहत्तर दिवस. त्यानंतर तिने लिहिणं सोडलं, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे "वहीच संपली". वही संपलेली नाही, मागची साठेक पानं कोरी आहेत. पण ते असो.

मी वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. त्या एकाहत्तर दिवसांत मी रोज बातमी दिली. तहसीलदारांची बैठक, पोलिसांची नाकाबंदी, किती स्वॅब घेतले, किती रिपोर्ट यायचे बाकी. त्या सगळ्या बातम्यांची कात्रणं माझ्याकडे आहेत. आणि आता ही वही शेजारी ठेवून बघतो, तर त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते कात्रणांत एका ओळीनेही नाही.

पहिल्याच पानावर लिहिलंय, "थाळी चेपली. 1." संध्याकाळी पाच वाजता टाळ्या-थाळ्या वाजवायच्या होत्या, आमच्या धाकट्याने स्टीलची जेवणाची थाळी लाटण्याने वाजवली. दुसऱ्या दिवशी, 23 तारखेला, राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. 24 ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि 21 दिवसांचं टाळं लागलं. ते भाषण संपायच्या आत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानासमोर पन्नास माणसं उभी होती. मी फोटो काढायला गेलो होतो आणि फोटो काढून झाल्यावर रांगेत उभा राहिलो. वहीत नोंद आहे: साखर 5 किलो, तेल 5 लिटर, तूरडाळ 3, आणि त्यापुढे "चहा मिळाला नाही."

25 तारखेला गुढीपाडवा. पाडव्याची पुरवणी म्हणजे तालुक्याच्या बातमीदाराचं अर्ध्या वर्षाचं पोट, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आम्हाला पगार असा नसतोच, मानधन नावापुरतं, खरं उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनचं. सोनार, गाड्यांचे शोरूम, बिल्डर यांच्या जाहिराती महिनाभर आधीपासून गोळा केल्या होत्या. पुरवणी निघाली नाही. गुढी उभी केली, पण साखरेच्या गाठी कुठे मिळाल्या नाहीत. आईने खडीसाखरेची पुरचुंडी बांधून गुढीला लटकावली. "देवाला गोड पोचलं म्हणजे झालं," म्हणाली.

मोठी मुलगी त्या वर्षी दहावीला. सगळे पेपर झाले होते, एकटा भूगोल राहिला होता, 23 मार्चचा. तो 21 ला पुढे ढकलला. पुढे म्हणजे कधी, ते कुणालाच माहीत नाही. पोरगी रोज सकाळी नकाशा घेऊन बसायची. 12 एप्रिलला तो पेपर रद्द झाल्याची घोषणा झाली, बातमी मीच फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं उड्या मारेल. ती गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता मी काय करू?" तीन आठवडे तिच्या दिवसाला भूगोलाने आकार दिला होता, तो गेला. शेवटी बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले आणि 29 जुलैला निकाल लागला. अजूनही ती सांगते, "बाबा, न दिलेल्या पेपरात मला चांगले मार्क पडले."

घरात एकच स्मार्टफोन, माझा. त्यावर धाकट्याच्या शाळेचा ग्रुप आला, गृहपाठ आला, बातम्यांचे ग्रुप तर होतेच. टीव्हीवर 28 मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं. आईने 1987 साली शेजारच्यांच्या घरी दारात बसून पाहिलेलं रामायण ती आता आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून बघत होती. हे तिने मला तीन वेळा सांगितलं. तिच्या दृष्टीने त्या दिवसांतलं ते एक सुख होतं.

आणि स्वयंपाकघर. वहीत गॅसच्या टाकीची तारीख आहे. आमची टाकी एरवी चाळीस-बेचाळीस दिवस जाते. त्या काळात ती सव्वीस दिवसांत संपली. का, ते उघड आहे. चार माणसं चोवीस तास घरात, दोनदा जेवण, दोनदा खाणं, चहा मोजायचा नाही. भांड्याच्या मावशींना आम्हीच यायचं बंद केलं. त्यांच्यापुढे लिहिलंय: एप्रिल पूर्ण पगार, मे निम्मा, जून काही नाही. माझ्या मानधनाला कात्री लागली होती हे खरं. पण जूनमध्ये आम्ही त्यांना परत कामावर बोलावलंही नव्हतं आणि पैसेही दिले नव्हते, हेही खरं. मी त्याच जूनमध्ये घरकामगार महिलांच्या हालअपेष्टांवर तीन कॉलमची बातमी केली होती. कात्रण आहे.

बायको तेव्हा एकदाच बोलली होती. मी फेसबुकवर लिहिलं होतं की या बंदमुळे कुटुंबं जवळ आली. ती भांडी घासता घासता म्हणाली, "जवळ आलात ते कळतंय मला. प्रत्येकाचा कप वेगळा असतो."

आता जरा मागे जातो, कारण मला जे सांगायचंय त्याचं दुसरं टोक तिकडे आहे.

2020 साली सरकारने जो कायदा काढला, तो साथरोग प्रतिबंधक कायदा 1897 सालचा. अगदी छोटा कायदा, जेमतेम दोन पानांचा. तो मोडला की तेव्हा भारतीय दंड विधानाचं कलम 188 लागायचं. हे 188 आमच्या चौकात कितीजणांना लागलं ते मी रोज लिहीत होतो. पण हा कायदा जन्माला आला तो आपल्याकडच्या प्लेगमधून. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मुंबईतून माणसं गावाकडे पळाली, रेल्वेने, बोटीने, चालत. त्यांच्यामागोमाग प्लेग पुण्यात आला, मग सातारा जिल्ह्यात गावोगाव पसरला. फेब्रुवारी 1897 मध्ये कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधू लागले, देवघरापर्यंत बूट गेले, सामान रस्त्यावर जाळलं. 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा. हे आपण शाळेत शिकलो.

पण त्या साली माणसं जेवत काय होती? पोरं दिवसभर काय करत होती? बायका दळण कुठे दळत होत्या? ते शाळेत कुणी शिकवलं नाही, कारण ते कुणी फारसं लिहून ठेवलं नाही.

मला त्यातलं थोडं माहीत आहे ते माझ्या आजीमुळे. तिने ते तिच्या आईकडून ऐकलेलं. उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडला की त्या घराने त्याच दिवशी रानात जायचं. कडब्याच्या खोपी घालायच्या. माझ्या पणजीने बैलगाडीत काय काय नेलं त्याची यादी आजीला तोंडपाठ होती: जातं, तवा, पाण्याची घागर, देवाचे टाक, आणि बांधलेली शेळी. जात्याचं वजन एवढं की सासऱ्याने शिव्या दिल्या, पण पणजीने ते सोडलं नाही. पाच-सहा महिने रानात काढायचे तर भाकरी कशाची करणार? रानात जात्यावरचं गाणं चालायचं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. आजी म्हणाली, "गाणं कशाला थांबंल? हात चालला की तोंड चालतं."

आणि त्याच गोष्टीत पणजीचा भाऊ होता. मुंबईला गिरणीत होता. साथीच्या वर्षी तो चालत गावी आला. त्याला खोपीत घेतलं नाही. शेताच्या बांधावर बाभळीखाली तो राहिला, पणजी एका दगडावर भाकरी ठेवून मागे सरायची, मग तो येऊन उचलायचा. किती दिवस, माहीत नाही. तो पुढे जगला की गेला, तेही माहीत नाही. आजीने सांगितलं नाही आणि आम्ही पोरांनी विचारलं नाही. आम्हाला त्या शेळीचं काय झालं यात जास्त रस होता.

आता परत वहीकडे.

मे महिन्याच्या सुरुवातीला बाहेरगावी अडकलेल्यांना पास मिळायला लागले. आमचा भाग म्हणजे पाटण, जावळीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. माथाडी, गिरणी, आता कंपन्या. गाड्या भरून लोक यायला लागले. गावांनी वेशीवर बाभळीचे फाटे टाकले, रस्ते खणले. झेडपीच्या शाळांमध्ये आलेल्यांना चौदा दिवस ठेवायचं. मी तेव्हा एक बातमी दिली. मथळा माझाच होता: "मुंबईकरांमुळे तालुक्याची धाकधूक वाढली." बातमीत चूक काहीच नव्हती, आकडे तपासलेले होते. खूप शेअर झाली. माझी आजवरची सगळ्यात जास्त शेअर झालेली बातमी ती असेल.

त्यानंतर नऊ दिवसांनी माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा नवी मुंबईहून आले. पास काढून, रीतसर. नाक्यावर तपासणी झाली, हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला. आमच्या घराला वरची माडी आहे, बाहेरून जिना, मागे वेगळा संडास. म्हणून शाळेत न ठेवता घरीच परवानगी मिळाली. त्यात माझ्या ओळखीचाही थोडा भाग होता, खोटं कशाला बोला.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या दोन घरांनी खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी माझीच बातमी टाकली. वर काही लिहिलं नव्हतं, फक्त बातमी. खाली माझं नाव.

दादाने ती वाचली होती. आधीच वाचली होती, नवी मुंबईत असतानाच. तो मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माडीवरून फक्त एवढंच म्हणाला, "अरे, तुझ्या पेपरला सांग, मुंबईकर पायऱ्या स्वतः धुतात."

चौदा दिवस आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताट ठेवायची आणि मागे सरायची. मग वहिनी खाली येऊन ताट न्यायच्या. पहिल्या दिवशी आई ताट ठेवून मागे झाली आणि तिथेच ओट्यावर बसली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, "आत्याबाई सांगायच्या ना, बांधावरच्या मामाची गोष्ट. त्या दगडावर काय ठेवत होत्या रे, नुसती भाकरीच का कोरड्यासपण?" आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी. मला ठाऊक नव्हतं. सांगणारं माणूस जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

पुतण्या सात वर्षांचा होता. तो वर, माझा धाकटा खाली अंगणात. दोघांनी दोरीला प्लास्टिकची बादली बांधली आणि दिवसभर वर-खाली काय काय पाठवत राहिले. कॅरमच्या सोंगट्या, कैरी, मीठ-तिखटाची पुडी. पोलिसपाटलांच्या नजरेला आलं असतं तर माहीत नाही काय झालं असतं. त्या बादलीची बातमी मी केली नाही. तेव्हा ती बातमी वाटलीच नाही.

आज हे लिहितोय ते एवढ्यासाठी की गावोगावच्या दक्षता समित्यांनी तेव्हा नोंदवह्या ठेवल्या होत्या, कोण आलं, कुठून आलं, कुठे ठेवलं. त्या वह्या कुठे आहेत म्हणून मी गेल्या महिन्यात तीन ग्रामपंचायतींत विचारलं. एका ठिकाणी मिळाली, भिजलेली. एका ठिकाणी ग्रामसेवक बदलून गेले, नव्यांना माहीत नाही. तिसऱ्या ठिकाणी शिपाई हसला. म्हणाला, "साहेब, ती पोरांनी पाठकोरी म्हणून वापरली." सरकारचं निदान आदेशांचं कागदपत्र तरी कुठेतरी राहील. घराघरातलं काय राहणार? तुमच्याकडे तेव्हाची किराण्याची यादी असेल, पासची प्रत असेल, पोराने काढलेलं चित्र असेल, शाळेत चौदा दिवस काढलेल्या कुणाची आठवण असेल, तर मला दाखवा. मी फोटो काढून घेतो, वस्तू तुमची तुमच्याकडे. ज्यांना मी त्या मथळ्यात "धाकधूक" म्हटलं होतं, त्यांच्याकडून तर आधी ऐकायचंय. फोन केलात तर मीच घरी येतो.

2021 चं या वहीत नाही. ते आमच्या गल्लीला फार महागात पडलं, त्याबद्दल वेगळं लिहीन, आज नको.

वहीत 26 मे च्या पानावर भाजी, दूध, सॅनिटायझर अशा नोंदी आहेत. खाली बायकोच्या अक्षरात: "चौदा दिवस झाले. सगळे खाली जेवायला. पुरणपोळी. डाळ दीड किलो, गूळ दीड." आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, वेगळ्या पेनने: "डाळ कमी पडली."